नवं अहिराणी गाणं वाजलं की लोक बसतात: लय वाढवावी का?

प्रश्न एका बेंजो पार्टीचा आहे, धुळे-जळगाव पट्ट्यातला. थोडक्यात असा: "दोन वर्षांपासून आम्ही स्वतःची अहिराणी गाणी बांधतोय. लग्नात जुनं गाणं वाजलं की मंडळी उठतात, आमचं लागलं की पाणी प्यायला जातात. चाल चांगली आहे असं जाणकारही म्हणतात. मिनिटाला १०८ ठोक्यांची लय १३२ ला नेली, तरी तोच प्रकार. अजून वाढवावी का? नेमकी किती ठेवावी?"

वाढवू नका. उलट १३२ वरून ११२ ते ११६ वर आणा, आणि गाण्यात लोकांच्या आधीच ओळखीचं असलेलं काहीतरी घाला. ओळखीच्या गाण्याची लय वाढवली तर त्याला जोर येतो. अनोळखी गाण्याची वाढवली तर ते हातातून आणखी लवकर निसटतं, एवढंच होतं.

आधी तुमच्या कानाचा विचार करा. हे गाणं तालमीत तुम्ही शंभर-दीडशे वेळा वाजवलं असणार. मुखड्यानंतर कोणता पीस येतो, ढोलकी कुठे तोडा घेते, अंतऱ्यात आवाज कुठे चढतो, सगळं पाठ. पाठ झालेलं गाणं संथ वाटायला लागतं, म्हणून हात आपोआप लय चढवतो. मांडवातला माणूस मात्र ते पहिल्यांदा ऐकतोय. त्याला शब्द पकडायचेत, चाल पकडायची आहे, सम, म्हणजे तालाच्या फेरीतली पहिली मात्रा, कुठे आहे ते शोधायचंय, आणि त्यातच पाय उचलायचाय. तुम्हाला रटाळ वाटायला लागलेली लय त्याला अजून पुरती पचलेलीही नसते. नवं गाणं बांधणारे बहुतेक सगळे इथेच फसतात, कारण लय ठरवणारा कान आणि लयीवर नाचणारा पाय वेगवेगळ्या माणसांचा असतो.

ओळखीने आवड वाढते हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं. अर्थ माहीत नसलेले शब्द, चिन्हं, चेहरे नुसते पुन्हापुन्हा समोर आले तरी माणसाला ते बरे वाटू लागतात. पुढे १९७१ मध्ये डॅनियल बर्लाइनने याला दुसरी बाजू जोडली. गोष्ट अगदी नवी असली की आवडत नाही, ओळख वाढते तशी आवड चढते, आणि फार ओळख झाली की उतरते. टेकडीसारखी रेघ: चढ, माथा, उतार. तुमचं गाणं श्रोत्याच्या मनात चढाच्या पायथ्याशी आहे, तुमच्या स्वतःच्या मनात माथा ओलांडून गेलंय.

२००४ मध्ये श्पुनार, शेलेनबर्ग आणि प्लाइनर यांनी केलेला प्रयोग तर थेट तुमच्या कामाचा आहे. त्यांनी लोकांना संगीताचे तुकडे २, ८ आणि ३२ वेळा ऐकवले. जे लक्ष देऊन ऐकत होते त्यांची आवड ८ वेळांपर्यंत वाढली, ३२ वेळांनंतर घसरली. ज्यांचं लक्ष दुसऱ्या कामात होतं आणि संगीत मागे नुसतं चालू होतं, त्यांची आवड मात्र वाढतच गेली. म्हणजे न कळत कानावर पडलेली चाल ओळख देते आणि कंटाळा आणत नाही.

हे लग्नात असं वापरा. पंगत बसलेली असताना तुम्ही वाद्यांवर काहीतरी वाजवताच. त्यात नव्या गाण्याच्या मुखड्याची धून, शब्दांशिवाय, ८८ ते ९२ च्या लयीत, मऊ आवाजात, दोनदा वाजवा. हळदीच्या वेळी पुन्हा एकदा, या वेळी मुखडा गाऊन, फक्त दोन आवर्तनं (तालाच्या दोन पूर्ण फेऱ्या). आता वरातीत पूर्ण गाणं लागेल तेव्हा "हे कुठेतरी ऐकलंय" असं वाटणारी निम्मी वरात तयार असेल. कुठे ऐकलं हे त्यांना आठवायची गरज नाही. न आठवता वाटलेली ओळख तितकीच काम करते. पंगतीत घाई करू नका हेही सांगतो. हळू संगीताला माणूस रेंगाळतो. रोनाल्ड मिलिमनने १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानात हे मोजलं होतं: मिनिटाला ७२ ठोक्यांपेक्षा संथ संगीताला गिऱ्हाइकं सावकाश चालली आणि खरेदीही जास्त झाली. पंगतीला वेगवान वाजवलं तर जेवण उरकतं, तुमची धून कानात मुरत नाही.

आता लयीकडे. माणसाच्या अंगाला एक स्वतःची गत असते. मोकळेपणी टेबलावर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचे ठोके अर्ध्या ते पाऊण सेकंदाच्या अंतराने पडतात. मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेसने हे अंतर साधारण ०.६ सेकंद धरलं होतं, म्हणजे मिनिटाला १००. पुढे व्हॅन नूर्डेन आणि मोएलांट्स यांच्या मांडणीत ते ०.५ सेकंदाच्या आसपास येतं, म्हणजे १२०. साधी चालही मिनिटाला १०० ते १२० पावलांची. व्यायाम करणाऱ्यांना १२० ते १४० चं संगीत आवडतं, कारण अंग तापलेलं असतं, श्वास वाढलेला असतो. म्हणजे आकडा गाण्याला चिकटलेला नसतो. ऐकणाऱ्याचं शरीर त्या घडीला काय करतंय, त्यावर तो ठरतो. बसलेल्याला १३२ जड जातं, अर्धा तास नाचलेल्याला ११२ थंड वाटतं. तुम्ही १३२ चं अनोळखी गाणं बसलेल्या माणसाच्या अंगावर टाकलं.

आपल्याकडे याचं फार सुंदर उदाहरण आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यात आहे. झोक्यावर गायल्या जाणाऱ्या गाण्यांची लय गायिका ठरवत नाहीत, दोर ठरवतो. निंबाच्या फांदीला ४ मीटर दोराचा झोका बांधला, तर पुढे जाऊन मागे यायला त्याला जवळपास ४ सेकंद लागतात. ३ मीटर दोर असेल तर साडेतीन, ५ मीटर असेल तर साडेचार. बसणारी हलकी असो की भारी, फरक पडत नाही. एका फेरीत ८ मात्रांची ओळ बसवली की ४ सेकंदांत ८ मात्रा, म्हणजे मिनिटाला १२०. ५ मीटरच्या दोराला तीच ओळ १०६-१०७ वर येते, ३ मीटरच्या दोराला १३७-१३८ वर. बाया घड्याळ न बघता या पट्ट्यात गातात आणि हा पट्टा वर सांगितलेल्या आकड्यांशी जुळतो. म्हणून आखाजीच्या चालीवर गाणं बांधणार असाल तर १०६ ते १३८ ही त्याची हद्द समजा. त्या चालीला १५० वर नेलं की ती झोक्यावरची राहत नाही. ऐकणाऱ्या आजीला काय बिघडलं ते सांगता येणार नाही, पण तिची मान डोलायची थांबेल.

ओळखीच्या गाण्याची लय लोकांच्या डोक्यात किती पक्की असते, हेही मोजलेलं आहे. डॅनियल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांनी १९९६ मध्ये साध्या लोकांना, गायक नसलेल्यांना, आवडतं गाणं आठवणीतून म्हणायला लावलं. दर १०० पैकी ७२ वेळा त्यांची लय मूळ ध्वनिमुद्रणाच्या ८ टक्क्यांच्या आत होती. ८ टक्के हा आकडा पाटीवर लिहून तालमीच्या खोलीत लावा. जुनं गाणं १२० चं असेल तर ते ११० ते १३० च्या बाहेर नेऊ नका. बाहेर नेलंत तर लोक नाचतीलही, पण गाताना अडखळतील, आणि लोक गात नाहीत तिथे नाच फार वेळ टिकत नाही.

लॅपटॉपवर गाणं चढवताना ‘की लॉक’ (लय बदलली तरी स्वर बदलू न देणारी सोय) चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर लय ६ टक्के वाढली की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, काळी दोनचं गाणं पांढरी तीनकडे सरकतं, आणि वर कॅसिओ किंवा क्लॅरिनेट वाजत असेल तर सगळं बेसूर होतं. ‘की लॉक’ चालू ठेवूनही ८-१० टक्क्यांच्या पुढे गेलात की ढोलाच्या थापेची धार जाते, थाप ‘धप्प’ ऐवजी ‘धफ्फ’ लागते. ज्या गाण्याला मुळात जोर ढोलाचा आहे त्याची लय अशी कधीच ताणू नका, नवीन वाजवून घ्या.

बरं, लय न वाढवता जोर कसा आणायचा? शब्द आहेत त्याच चालीने जाऊ द्या, ठेका दुगुन, म्हणजे दुप्पट गतीचा, करा. ११६ वर गाणं चाललंय, मुखड्याच्या दुसऱ्या फेरीला ढोलकीने लग्गी (भराभर बोलांचा भरीव ठेका) धरली, ताशाने पाव मात्रेचे बोल भरले, की पायाला २३२ चा भास होतो आणि तोंडाला ११६ ची उसंत राहते. नवख्या श्रोत्यासाठी ही उसंत म्हणजे सर्वस्व आहे. शब्दांचा हिशेबही करा. एका मात्रेत दोन अक्षरं असतील तर १३२ ला सेकंदाला ४.४ अक्षरं येतात, कळतात. तीन अक्षरं असतील आणि लय १५० असेल तर सेकंदाला साडेसात. बोलताना माणूस साधारण पाच ते सात अक्षरं बोलतो, त्याच्याही पुढे हे गेलं, तेही ढोलाच्या आवाजात. अहिराणीची गोडी ‘शे’, ‘वो माय’ अशा ओळीच्या शेपटीत आहे, आणि धावत्या लयीत पहिली तीच शेपटी तुटते. मग ते गाणं अहिराणीत आहे हेच मागच्या रांगेला कळत नाही.

वरातीत वेगाची आणखी एक अडचण असते, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० ते ३५० मीटर जातो. स्पीकरच्या गाडीपासून १७ मीटर मागे चालणाऱ्या ताशेवाल्याला आवाज ०.०५ सेकंद उशिरा पोचतो. १५० च्या लयीत पाव मात्रेचा बोल ०.१० सेकंदाचा, म्हणजे तो अर्ध्या बोलाने मागे. पुढच्याला वाटतं मागचा ओढतोय, मागच्याला वाटतं पुढचा पळतोय, आणि दोघांच्या ओढाताणीत लय डळमळते. ११२ ला तोच बोल ०.१३ सेकंदाचा असतो, चूक खपते. उपाय साधा आहे: ताशा आणि ढोल गाडीच्या ५-६ मीटरच्या आत ठेवा, आणि पॅडवाल्याच्या एका कानात क्लिक (ठरलेल्या लयीची टिकटिक) द्या. लय पळायला लागते ती बहुतेक वेळा तोड्यानंतरच्या समेवर. तिथे क्लिककडे कान ठेवायला त्याला सांगा.

लय मोजतानाच चूक होत असेल तर वरचे सगळे आकडे वाया. १५ सेकंदांत पडलेल्या टाळ्या मोजा, पहिली टाळी ‘शून्य’ धरून, आणि चारने गुणा. पहिली टाळी ‘एक’ धरलीत तर उत्तर चाराने जास्त येतं. केरवा (आठ मात्रांच्या) अंगाच्या गाण्यात एकच गाणं कोणी ७२ सांगतो, कोणी १४४. जिथे नाचणाऱ्याचा पाय पडतो तो आकडा धरा. संबळ-पावरीच्या नाचासारख्या सहा मात्रांच्या अंगाच्या ठेक्यात प्रत्येक मात्रा मोजू नका, आवर्तनात दोन टाळ्या धरा, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. दोन अंगांची गाणी एकाच आकड्यावर लागोपाठ लावली तरी सहाचं अंग जास्त झुलतं, म्हणून त्याला मी दोन-चार आकडे खालीच ठेवतो.

ओळख गाण्याच्या आत कशी घालायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिली ८ आवर्तनं नुसता ठेका, आणि तो ठेका त्या गावाच्या कानाचा. इथे खान्देश एक नाही हे लक्षात ठेवा. धडगाव, शहादा, शिरपूर, चोपडा या सातपुड्याच्या बाजूला होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारातला मोठा ढोल लोकांच्या अंगात आहे. नवापूर-नंदुरबारकडे गुजरातचा गरबा शेजारचा. अमळनेर-पारोळा-एरंडोलकडे कानबाई देवीची गाणी घराघरांत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी मिरवत जाते, त्या मिरवणुकीचा ठेका तिथल्या बायकांना झोपेतही ओळखू येईल. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरकडे निमाडी-हिंदी वळण सुरू होतं. ज्या गावची सुपारी आहे त्या गावचा ठेका आधी वाजू द्या, लोक उठू देत, आणि उभ्या माणसाच्या पायाखाली नवी चाल सरकवा. उठलेला माणूस नव्या गाण्याला लगेच बसत नाही. बसलेला नव्या गाण्याला उठत नाही. हा फरक फार मोठा आहे.

मुखडा २० सेकंदांच्या आत आला पाहिजे. ११६ ला आठ मात्रांचं आवर्तन सव्वाचार सेकंदांपेक्षा थोडं कमी असतं, म्हणजे चार आवर्तनं ठेका झाली की पाचव्याला मुखडा सुरू व्हावा. आठ आवर्तनं ठेका घेणार असाल तर पहिली चार आधीच्या गाण्याच्या शेपटीवर चढवा. मुखडा छोटा, दोन ओळींचा, आणि दुसरी ओळ अशी की जी गायकाने अर्धी सोडली तर लोक पुरी करतील. पहिल्या अंतऱ्याआधी मुखडा तीनदा. तालमीत हे तुम्हाला जास्त वाटेल. एलिझाबेथ मार्गुलिस यांच्या प्रयोगात तर अवघड आधुनिक रचनांमध्ये नुसती काही वाक्यं कापून पुन्हा चिकटवली, आणि ऐकणाऱ्यांना त्या बदललेल्या रचना मूळ संगीतकारांच्या रचनांपेक्षा जास्त आवडल्या. पुनरावृत्तीला घाबरू नका.

आपल्या मातीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण बहिणाबाई चौधरी. असोद्याच्या, १८८० ते १९५१. कविता पुस्तकरूपाने आल्या त्या १९५२ मध्ये, त्यांच्या पश्चात. त्यांनी जे सांगितलं ते कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण वळण जात्यावरच्या ओवीचं, ऐकणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक असलेलं. साचा ओळखीचा असला की आतला आशय कितीही नवा चालतो. तुम्ही एकाच वेळी चाल नवी, ठेका नवा, शब्द नवे आणि लय चढी, अशी चारही ओझी श्रोत्यावर टाकता. एका गाण्यात एकच गोष्ट पूर्ण नवी ठेवा, फार तर दोन.

ओळख वयावरही असते. विशी-पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर जवळची वाटतात. वरातीत पुढे पोरं आहेत की मामा-मावश्या, हे बघून आधीचं ओळखीचं गाणं निवडा, त्याला लागून तुमचं, आणि मग पुन्हा ओळखीचं. जुन्यापासून नव्यावर जाताना लयीत ४-५ टक्क्यांपेक्षा जास्त उडी नको. एवढा बदल पायाला जाणवत नाही. जुनं ११२ वर संपलं तर नवं ११६ वर उघडा, पुढचं जुनं १२० वर. उतरताना मात्र थोडीशीही घसरण लोकांना लगेच कळते, म्हणून खाली यायचं असेल तर मध्ये थांबा, नवरदेवाचं नाव घ्या, नवी सुरुवात करा. वरात उचलताना १०४-१०८, रस्त्यावर ११२-११६, चौकात १२४-१२८, दारात पोचताना १३६. रात्री १० नंतर स्पीकर बंद, त्यामुळे हा चढ मागून मोजा: १० ला दहा मिनिटं कमी असताना १३६ वर असायचं, तर नवं गाणं साडेनऊच्या आत लागलं पाहिजे. शेवटच्या दहा मिनिटांत नवं गाणं लावणं म्हणजे ते वाया घालवणं.

लय ठरवायला चाचणी घ्याल, तेव्हा एक सापळा सांभाळा. तेच गाणं ११२, १२० आणि १२८ वर मुद्रित करून दहा-बारा जणांना लागोपाठ ऐकवलंत, तर बहुतेक वेळा तिसऱ्यांदा वाजलेलं जिंकतं, कारण तोवर चाल ओळखीची झालेली असते. तुम्हाला वाटतं वेगवान लय आवडली. तुम्ही १०८ वरून १३२ ला गेलात त्याआधी अशीच काहीतरी चाचणी घरात झाली असेल, असा माझा अंदाज आहे. म्हणून तीन वेगळे गट करा, प्रत्येक गटाला क्रम वेगळा: एकाला ११२ आधी, दुसऱ्याला १२०, तिसऱ्याला १२८. आवाजाची पातळी तिन्हींची एकच ठेवा, कारण मोठ्याने वाजलेलं नेहमी सरस वाटतं. पार्टीतलं किंवा घरातलं कोणी घेऊ नका, त्यांनी तालीम ऐकलेली असते. आणि "कसं वाटलं" विचारू नका, तोंडावर सगळे छानच म्हणतात. पायाकडे बघा: पहिला ठोका कितव्या आवर्तनाला पडला ते लिहा. संपल्यावर गप्प राहा आणि कोणी मुखडा गुणगुणतो का ते ऐका.

गाणं एका लग्नसराईत, त्याच पंचक्रोशीत, सात-आठ लग्नांत वाजलं की मग लय चढवायला हरकत नाही. पुढच्या हंगामात ते १२० वर न्या, लोक तुमच्याआधी मुखडा उचलायला लागले की १२६-१२८. तेव्हा हा चढ लोकांना हवासा वाटेल, कारण आता त्यांच्याही कानाला ते पाठ झालेलं असेल. तोपर्यंत वहीत प्रत्येक लग्नाची नोंद ठेवा: गाव, गाणं कितवं लागलं, आधी काय होतं, लय किती, उभे किती राहिले. आणि तालमीत हे गाणं आठवड्यातून दोनदाच वाजवा, म्हणजे तुमचाही कान ताजा राहील.